फाटक कोणी उघडं टाकलं?

जे पुढे लिहितोय ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातही नाही. गुजरातेतले लोक ज्या कामासाठी दमणला जातात त्याच कामासाठी आम्ही काही मित्र एकदा गेलो होतो. तिथे दुसऱ्या ग्लासानंतर प्रत्येकाने आपापलं काहीतरी ओकून टाकलं, तेव्हाही मी शेंगदाणे सोलत बसलो. मग आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सकाळपासून कितीदा तरी खुर्चीवरून उठलो, खिडकी उघडली, लावली, पाणी पिऊन आलो. बसवत नाही आणि उठून कुठे जावं तेही कळत नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती लाजिरवाणं आहे ते तुमच्या लक्षात येईल. बडोद्याजवळ वाघोडियाच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. हेल्मेट घातलं का, पट्टा बांधला का, व्हॉल्व्ह बंद केला का — आयुष्यभर हेच विचारत फिरलो. आणि काही घडलंच, तर चौकशी माझ्याकडे. घरीही तसाच. गॅसचा रेग्युलेटर मी बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. माझा मेहुणा दिलीप म्हणायचा, ‘भाऊजींच्या घरी चहासुद्धा हातमोजे घालून गाळतात.’ सगळे हसायचे आणि मी वरवर चिडायचो, पण आतून मला ती थट्टा आवडायची. एकदा का माणूस सावध म्हणून ओळखला गेला, की त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं का? होतं. थोडंफार होतंच.

आम्ही बडोद्याच्या कडेला वासण्याला राहायचो, पुढे अंगण आणि लोखंडी फाटक असलेल्या छोट्या बंगल्यात. आज तिथे उभं राहायला जागा नाही, पण तेव्हा आमच्या पलीकडे शेतं होती आणि निम्म्या बांधून थांबलेल्या सोसायट्या. मी, बायको सुनीता आणि मुलगी केतकी. केतकी तेव्हा सहावीत होती. आणि त्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे एक कुत्रा आला — आला म्हणजे मीच आणला, कारखान्याच्या कँटीनमागून, बनियनमध्ये गुंडाळून. गावठी पिल्लू, पण पाय असे लांबलचक की केतकीने त्याला बघताक्षणी नाव ठेवलं, फाफडा, त्या लांब पट्ट्यांच्या गुजराती फरसाणावरून. शेजारच्या कोकिळाबेन रोज सकाळी त्याला हाक मारायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या. केतकी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्याच्यापाशी जमिनीवर बसायची. तिला भाऊबहीण नव्हतं. त्यात सगळं आलं.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. येतो.

दिवाळीनंतर दिलीप कॅनडाहून आला. तिकडे त्याने एक वेड लावून घेतलं होतं. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायचं, मैलोन्‌मैल, सपाट रानातून, आणि कमरेच्या पट्ट्याला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. कुत्रा पुढे धावतो, माणूस मागे घसरतो. त्याने हँडीकॅमवर काढलेलं आम्हाला टीव्हीवर दाखवलं. पांढरं शुभ्र रान, काळा कुत्रा, आणि आमचा दिलीप, जो बडोद्यात सायकलवरूनही पडायचा, तो वाऱ्यासारखा चाललेला! मी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. शाळेत असताना मी बागेतल्या रिंकवर स्केटिंग करायचो, बऱ्यापैकी करायचो. स्केट्स अजून माळ्यावर होते. बर्फ नसला म्हणून काय झालं? चाकं होती की. रस्ता होता, कुत्रा होता.

दिलीप माझ्यासाठी सगळा सरंजामच घेऊन आला होता. कमरपट्टा, ताणली जाणारी दोरी, कुत्र्याच्या छातीत घालायचा हार्नेस. आणि देताना त्याने मला बजावलं. अगदी माझ्याच भाषेत बजावलं. कुत्रा वर्षा-दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला ओढायला लावायचं नाही, हाडं कच्ची असतात. ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबत नाही, तोवर दोरी बांधायची नाही. तो दोरी सोडून बाजूला वळला तर तुम्ही आधी थांबायचं, कारण पट्टीची धार त्याच्या पायावरून गेली की संपलं. आणि कमरेला हा हूक आहे, ओढला की दोरी सुटते, पण तो शेवटचा उपाय. सोडलात तर कुत्र्याच्या मागे जायचं, त्याला एकटं टाकायचं नाही. ‘भाऊजी, हा अजून बाळ आहे हं. पुढच्या दिवाळीपर्यंत नुसतं चालवा.’

मी मान डोलावली. एवढंच नाही, मला ते नियम इतके आवडले की कारखान्यात सकाळच्या पाळीसमोर मी ते उदाहरण म्हणून सांगितले. उत्साह आणि शिस्त असं काहीतरी बोललो. टाळ्यासुद्धा पडल्या!

दिलीप परत गेला. हार्नेस आणि स्केट्स एका खोक्यात माळ्यावर गेले. आणि माझं चित्त काही ठिकाणावर राहीना. तुम्हाला कधी असं झालंय का — एखादी गोष्ट करायची नाही हे पक्कं ठरलेलं असतं, आणि तरी आपण तिच्यासाठी मोकळा रस्ता शोधत असतो? कामावर जाता-येता मी नवे सिमेंटचे रस्ते बघायचो. हा गुळगुळीत आहे, इथे चढ आहे, इथे वाळू पडलीय. कुत्रा आठ-नऊ महिन्यांचा. माझं वय बेचाळीस. केस मागे सरकायला लागलेले. मला लोकांसमोर हे करायचं नव्हतं, हेही सांगून टाकतो. सेफ्टी साहेब चाकांवर, पुढे कुत्रा, आणि सोसायटीतली पोरं टाळ्या पिटतायत — नको.

बडोद्यात वर्षातून एक दिवस असा येतो की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. उत्तरायण. आपली संक्रांत. सगळं गाव गच्चीवर, सगळ्यांच्या माना वर. आमच्या घरी दोन्ही चालायचं. सकाळी तिळगूळ, पूजा. दुपारी कोकिळाबेनच्या गच्चीवर उंधियो, जिलबी आणि पतंग. संध्याकाळी सुनीताचं हळदीकुंकू. त्या दिवशी दिवसभर फाटकातून बायकांची जा-ये, म्हणून सुनीताने केतकीला काम दिलं होतं. कोणी आलं-गेलं की फाटकाची कडी लावायची, फाफडा बाहेर पडता कामा नये. केतकीने ते फार मनावर घेतलं होतं. जेवताना मध्येच उठून कडी बघून आली होती.

जेवणं झाल्यावर सगळे कोकिळाबेनकडे वर गेले. मी म्हटलं, डोळे मिटतायत, जरा पडतो. गच्चीवर पोरी आणि बायका ओरडत होत्या, भोंग्यावर गाणी लागली होती, पतंग कापला की ‘काप्यो छे!’ची आरोळी उठत होती. फाफडा खाली अंगणात एकटाच कान टवकारून उभा होता. मी माळ्यावरून खोकं काढलं. हार्नेस घातला. त्याला काय, त्याने शेपटीच हलवली. फाटक उघडून आम्ही बाहेर पडलो. स्केट्स काखेत, पायात मोज्यांवर चप्पल. पलीकडच्या नव्या रस्त्यावर गेल्यावर दगडावर बसून मी ते चढवले.

आणि खोटं बोलणार नाही, ती पहिली काही मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर मिनिटांतली होती. रस्ता सरळ, उन्हाने तापलेला नाही, जानेवारीचा वारा. तो पुढे, त्याचे ते हडकुळे पाय, कान मागे उडालेले, आणि दोरीतून त्याचा जोर माझ्या कमरेत येत होता. मी मोठ्याने हसत होतो, एकटाच! तो मागे वळून माझ्याकडे बघायचा आणि आणखी जोरात धावायचा. त्याला वाटत होतं आपण दोघं खेळतोय. हे मी का सांगतोय? कारण पुढे जे झालं ते मी अजाणता केलं असं तुम्हाला वाटू नये. मला प्रत्येक नियम पाठ होता. हसत असतानाही पाठ होता.

एक कापलेला पतंग डोलत खाली येत होता. केतकीबरोबर गच्चीवर फाफडा असल्या पतंगांमागे उड्या मारायचा, ते त्याचं आवडतं काम. तो पतंग दिसला आणि तो एकदम आडवा वळला. मी ‘थांब’ म्हणून ओरडलो. तो थांबायला शिकला कुठे होता? दोरी माझ्या चाकांपुढे आली. मी त्याच्यावर पडलो. चाक त्याच्या पुढच्या पायावरून गेलं, आणि तो ओरडला. तो आवाज लिहून सांगता येणार नाही. धडपडताना पतंगाची दोरी, तो काच लावलेला मांजा, त्याच्या त्याच पायाभोवती बसला. वर कुठल्या तरी गच्चीवरून कोणीतरी तो मांजा आपला समजून ओढत होतं. ओढेल तसा तो आवळत गेला. कुत्रा पिसाळल्यासारखा झटके देत होता, त्या प्रत्येक झटक्याने मी रस्त्यावर फरपटत होतो, आणि मी —

मी हूक ओढला.

मांजा कुठेतरी तुटला. फाफडा तीन पायांवर उड्या मारत, मागे दोरी फरफटवत, बांधकामाच्या बाजूला पळाला. समोरच्या गच्चीवरची पोरं कठड्याशी आली होती. एकाने ओरडून विचारलं, ‘ओ काका, वाग्युं तो नथी ने?’ लागलं नाही ना, एवढंच विचारलं बिचाऱ्याने. पण त्याच्या मागे दुसरा कोणीतरी हसला. मी हात हलवून ‘काही नाही, काही नाही’ केलं. उठलो. आणि कुत्रा गेला त्याच्या उलट दिशेला वळलो.

बघा, हेच ते. इतका वेळ मी ज्याच्याभोवती घिरट्या घालत होतो ते निम्मं तरी हे आहे. एका पोराच्या हसण्यासाठी मी त्याला सोडून आलो. मनाशी काय म्हणालो? कुत्र्यांना घर बरोबर सापडतं. येईल आपणहून. पायात चाकं आहेत, मी कुठे पळणार त्याच्या मागे? चाकं काढायला किती वेळ लागतो हो?

चपला तिथेच राहिल्या. स्केट्स काखेत धरून मी पायमोज्यांवर घरी आलो, खोकं माळ्यावर ढकललं आणि पांघरूण ओढून पडलो. फाटक? फाटक मी सताड उघडं ठेवलं. तो आला तर आत यावा म्हणून ठेवलं, अशी समजूत मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला घातली. खरं म्हणजे कडीचा आवाज झाला तर वरून कोणी डोकावेल अशी भीती होती.

पांघरुणाखाली मी जागाच होतो. वर नाच चालला होता. तो परत येतोय का ते ऐकत होतो, आणि तो नेमका मी एकटा असताना यावा असंही वाटत होतं. आला नाही.

उन्हं उतरायला लागल्यावर सुनीता हळदीकुंकवाची तयारी करायला खाली आली. मागोमाग केतकी, हातात फिरकी. बाहेरून सुनीताचा आवाज आला, ‘फाफडा दिसत नाही ने कुठे?’ मी डोळे चोळत अंगणात आलो. ‘डोळे चोळत’ हे लिहिताना आत्ता मला स्वतःची किळस आली. तर आलो, उघड्या फाटकाकडे बघितलं आणि विचारलं,

‘फाटक कोणी उघडं टाकलं?’

मी खोटं बोललो नाही, तुमच्या लक्षात येतंय का? मी नुसता प्रश्न विचारला. चौकशीत मी हेच करायचो. कोणावर आरोप करायचा नाही, मोघम प्रश्न टाकायचा आणि गप्प राहायचं. ज्याच्या मनात जरा जरी शंका असेल तो आपणहून पुढे येतो. केतकी दुपारी एकदा गच्चीवरून खाली उतरली होती, आमच्या दारातच पडलेला एक पतंग उचलायला. मला ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, ‘मी लावलेलं बाबा... वाटतं.’

आणि मी म्हणालो, ‘वाटतं?’

एवढंच. कारखान्यात ऑपरेटरला विचारायचं, व्हॉल्व्ह बंद केलास? तो म्हणतो, केला वाटतं. मग आपण भुवई उंचावून तोच शब्द परत त्याच्यापुढे टाकायचा. मोठे बाप्ये त्या एका शब्दाने मोडायचे. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. ती तिथेच खाली बसली. सुनीता तिला काही बोलणार तेवढ्यात मी, हो मीच, म्हणालो, ‘असू दे, तिला बोलू नकोस. आधी शोधू या.’

अख्खी गल्ली शोधायला निघाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा. केतकी अनवाणी धावत होती, त्याच्या नावाने हाका मारत. मी सगळ्यांना दिशा वाटून दिल्या. तेही माझ्या कामातलंच. बांधकामाची बाजू मी माझ्याकडे ठेवली, कारण मला मध्येच आठवलं होतं की हार्नेस त्याच्या अंगावर आहे. दुसऱ्या कोणाला तो आधी सापडला तर? सगळ्यांना वाटलं मी कुत्र्यामागे धावतोय. मी हार्नेसमागे धावत होतो.

तो सिमेंटच्या मोठ्या पाइपात सापडला. अगदी आत जाऊन बसला होता. मला बघून त्याने जमिनीवर शेपटी आपटली. मला बघून, कळतंय ना? माझ्याच हातून सगळं झालेलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मी रांगत आत गेलो. पायाकडे बघायच्या आधी मी बकलं काढली. हार्नेस आणि दोरी गुंडाळून पलीकडच्या चुन्याच्या खड्ड्यात टाकली आणि वर काठीने चिखल ओढला. तो कण्हत माझ्याकडे बघत होता. मग त्याला उचलला. मांजा हाडापर्यंत गेला होता.

तुमच्याकडे नसेल कदाचित, पण आमच्याकडे त्या दिवशी जनावरांचे डॉक्टर जागोजागी मांडव घालून बसतात, मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी. तिथे नेला. टोपल्यांत कबुतरं, एक बगळा, कापसाचे बोळे, आयोडीनचा वास. डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, ‘क्यारे वाग्युं आने?’ याला कधी लागलं? हे कळणं किती महत्त्वाचं असतं ते त्या मांडवात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘खबर नथी, साहेब.’ ते म्हणाले, पायाचा रक्तपुरवठा बंद होऊन बराच वेळ झालेला दिसतो, दुपारीच आणला असता तर पाय राहिला असता. केतकी माझ्या शेजारी उभी होती. तिने ते ऐकलं. तिच्या हातात फिरकी अजून तशीच होती.

पाय काढावा लागला.

माझ्या कोपराची सालं निघाली होती, गुडघा सुजला होता, पायमोजे फाटून तळवे सोलवटले होते. लोकांना वाटलं शोधताना पडलो. कोकिळाबेन सगळ्यांना सांगत सुटल्या की भाईंनी पाइपात रांगत जाऊन मुक्या जनावराचा जीव वाचवला. सुनीताने हळद लावली. लावताना ती माझ्या तळव्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं मला वाटलं. काही विचारलं नाही. अजूनपर्यंत नाही. दिलीपचा फोन आला तेव्हा तो तिकडून हळहळला आणि म्हणाला, ‘नशीब भाऊजी, तुम्ही त्याला अजून दोरी लावली नव्हती, नाहीतर तुमच्या मनाला लागलं असतं.’

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच सांगण्यासारखं आहे आणि तेच सगळ्यात वाईट आहे. फाफडा जगला. चांगला म्हातारा होईपर्यंत जगला, तीन पायांवर. त्याचं सगळं केतकीने केलं. त्याची मलमपट्टी, त्याला जिन्यावरून उचलून नेणं, पावसाळ्यात जखमेची जागा दुखायची तेव्हा रात्ररात्र त्याला मांडीवर घेऊन बसणं. शाळेच्या सहलीला ती गेली नाही. कोणी पतंगाला बोलावलं तर गेली नाही. पतंग हातात धरणंच तिने सोडलं. घरातून निघताना फाटकाची कडी लावायची, चार पावलं गेली की परत येऊन हलवून बघायची, पुन्हा परत यायची. मी खिडकीतून बघायचो. बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, तिला हवा असलेलाच. ती म्हणाली, मी नाही जाणार, याला कोण बघणार, माझ्यामुळे झालंय. सुनीता तिला समजावून थकली. मीही समजावलं, किती छान समजावलं! म्हणालो, बेटा, जुनं उगाळत बसू नये. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी चहा गार होतोय म्हणून उठलो.

मी हे का केलं? पहिल्या दिवशी लाजेने केलं, समजा. पण दुसऱ्या दिवशी? महिन्याने? ती मोठी झाल्यावर? मला वाटतं, मला आवडायला लागलं होतं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ते मला आवडायचं. आपल्या हातून एवढं मोठं घडलं आणि बाबा आपल्याला रागावलेसुद्धा नाहीत! दुसऱ्या कुठल्या बापाला मुलीकडून असलं प्रेम मिळालं असेल? मी ते घेत राहिलो. मला ते सोडवेना.

फाफडा मेला तेव्हा केतकीने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलं. मी दाराशी होतो. ती त्याची माफी मागत होती.

तिचं लग्न झालं, बडोद्यातच. आता गोरव्याला राहते. तिला रेवा नावाची मुलगी आहे, यंदा पहिलीत. रेवाला कुत्र्याचं पिल्लू हवंय आणि केतकी काही केल्या आणू देत नाही. यंदाच्या संक्रांतीला सगळी आमच्याकडे होती. गच्चीवर आम्ही तिघंच बसलो होतो, मी, केतकी आणि रेवा. रेवाने पुन्हा हट्ट धरला, तेव्हा केतकीने तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. तिला माहीत आहे ते सगळं. की मम्मीकडे एकदा असंच पिल्लू होतं, मम्मीने फाटक उघडं टाकलं, तो बाहेर गेला आणि त्याचा पाय गेला, आणि आजोबांनी त्याला शोधून आणलं. ‘म्हणून मला नको वाटतं ग. मी नीट सांभाळणारी नाहीये.’ चाळिशीकडे झुकलेली बाई हे बोलत होती.

रेवा माझ्याकडे वळली. गुजराती शाळेतली पोर, रागावण्याला वढणं म्हणते. तिने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही मम्मीला वढले पण नाय?’

माझ्याआधी केतकीच बोलली. ‘एका शब्दाने नाही. आजपर्यंत नाही. बाबांसारखं माफ करणारं माणूस नसतं.’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. खाली सुनीता स्वयंपाकघरात होती. घाई नव्हती, गर्दी नव्हती, हसणारं कोणी नव्हतं. मी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘लहान मुलांच्या हातून चुका होतात, बाळा.’

हे मी यंदा बोललो. केतकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मी ते टेकू दिलं.